आधी कर्णा तपासा, मग कान

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी मराठीचा शिक्षक. ध्वनिशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही, याची मला जाणीव आहे. तरीही हा विषय निवडला, कारण त्यामागे माझ्या हातून घडलेली एक चूक आहे.

सातवीच्या वर्गात एक मुलगा मागच्या बाकावर बसत असे. श्रुतलेखनात मी ‘साथ’ म्हणावे, तर तो ‘हात’ लिही. “लक्ष कुठे आहे तुझे?” असे मी त्याला वर्षभर विचारत राहिलो, दोनदा वर्गाबाहेरही उभे केले. पुढे त्याची आई भेटायला आली तेव्हा म्हणाली, “सर, घरी हाक मारली की ओ देतो, पण सांगितलेले काम भलतेच करून येतो.” ते ऐकून मी विचारात पडलो. आमच्या विज्ञानाच्या सरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “मुलाचे लक्ष तपासण्याआधी कान तपासू या.”

आवाज म्हणजे हवेतील कंपने. एका सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. निरोगी तरुण कानाला साधारण २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. एकाच कंपनसंख्येचा शुद्ध स्वर वाजवून ही मर्यादा पाहता येते. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७६ मध्ये त्यासाठी एक बारीक शिटी तयार केली होती. आज असे स्वर मोबाइलवर काढता येतात. नादाचा अभ्यास आपल्या पूर्वजांनाही परका नव्हता. अल-फाराबी यांनी दहाव्या शतकात ‘किताब अल-मूसीकी अल-कबीर’ हा संगीतशास्त्राचा थोर ग्रंथ लिहिला, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. स्वर ऐकू आला नाही तर दोष कानाचा की कर्ण्याचा? मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून १०० हर्ट्झचा स्वर नीट निघतच नाही. तो ऐकू आला नाही म्हणून घाबरू नये. म्हणून आधी चांगला स्पीकर घ्यावा व त्याची परीक्षा करावी.

प्रथम १,००० हर्ट्झचा स्वर बोलण्याइतक्या आवाजात लावावा. मग बटण न हलवता ५००, २५०, १२५ असे खाली उतरावे. एखाद्या स्वराला पेटी खरखरली तर सैल स्क्रू शोधावा. खोली घुमली तर पेटी कोपऱ्यातून बाहेर ओढावी. १०० हर्ट्झची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते. खोलीच्या लांबीरुंदीशी तिचा मेळ बसला की आवाज एका जागी घुमतो आणि दोन पावलांवर दबतो. दोन पेट्या असतील आणि एकीच्या तारा उलट जोडल्या गेल्या असतील, तर खालचे स्वर एकमेकांना मारतात. यंत्र बंद करून एका पेटीच्या तारा बदलून पाहाव्यात व ज्या जोडणीत आवाज भरदार येतो ती ठेवावी. वरचे स्वर सरळ रेषेत जातात, म्हणून पेटीचे तोंड श्रोत्यांकडे असावे.

आपल्या सभागृहातही हेच लागू आहे. भाषण कळले नाही की आपण आवाज वाढवतो. पण शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांवरून, आणि स, श, थ, फ यांची ओळख २,००० हर्ट्झच्या वरच्या आवाजांत असते. अशा वेळी खालचा घुमारा कमी केला तर आवाज न वाढवताही शब्द स्पष्ट होतो.

स्पीकर नीट झाल्यावर आम्ही वर्गाची परीक्षा घेतली. सर्वांनी डोळे मिटायचे आणि स्वर ऐकू आला की हात वर करायचा. ५०० ला सर्व हात वर गेले, १,००० लाही गेले. ४,००० ला मात्र तो मुलगा मांडीवर हात ठेवून शांत बसला होता. पुढे १७,००० ला बाकीचा वर्ग हात वर करून हसू लागला, कारण या खेपेला माझाही हात खाली होता!

माझा दोष वयाचा होता, त्याचा तसा नव्हता. कानाच्या डॉक्टरांनी तपासले तेव्हा दोन्ही कानांना वरचे आवाज फार कमी ऐकू येतात असे निघाले. आज तो श्रवणयंत्र लावतो, पहिल्या बाकावर बसतो आणि ‘साथ’ला ‘साथ’ लिहितो. मी त्याची वर्गासमोर माफी मागितली.

पालकहो, घरची परीक्षा ही फक्त शंका घेण्यापुरती आहे. खरा निर्णय तज्ज्ञाच्या यंत्रावर, बंद खोलीत होतो. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून याच कामासाठी राष्ट्रीय संस्था आहे आणि तिला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव दिलेले आहे. स्वर ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत जाऊ नका. त्याने स्पीकरही जातो आणि कानही. मुलांनो, हीच गोष्ट कानात घालायच्या इअरफोनची. गेलेले ऐकणे बहुधा परत येत नाही.

शेवटी माताभगिनींना एक विनंती. “मुलीच्या कानाला यंत्र लावले तर स्थळ कसे येणार?” असे म्हणून दोष लपवू नका. यंत्र दिसते म्हणून मुलीचे नुकसान होत नाही. ऐकू न आल्यामुळे ती शाळेत मागे पडते आणि शेवटी शाळा सोडते, हे मोठे नुकसान आहे.

मुलाला ‘ढ’ म्हणण्यापूर्वी त्याला ऐकू येते का, एवढे पाहा. मी ते पाहिले नव्हते. आपण पाहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.