प्रकाशाच्या वाटेवरचे सांधे
(स्वागताध्यक्षीय भाषण)

दूरसंचार आणि डेटा सेंटर क्षेत्रातले तज्ज्ञ, आयटीआय-पॉलिटेक्निकचे विद्यार्थी आणि खालापूर-कर्जतच्या माझ्या उद्योजक बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे साजगावात मनःपूर्वक स्वागत.

बाहेरगावच्या पाहुण्यांना साजगाव ठाऊक असेल ते बोंबल्या विठोबामुळे. कार्तिकी एकादशीला इथे यात्रा भरते आणि देवाच्या दारातच सुक्या मासळीचा बाजार मांडला जातो. तुकोबा मिरची विकायला या बाजूला येत, असे जुनी माणसे सांगतात. शेजारच्या खोपोलीत १९१५ साली घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी नळांतून उतरले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. मुंबईला जे लागेल ते पुरवायचे, हा या पट्ट्याचा जुना धंदा. आज तिला डेटा सेंटर लागतात. ऐरोली, महापे, रबाळे करत ती पनवेलपर्यंत आली. योट्टाचे केंद्र तिथे २०२० साली सुरू झाले. आणि डेटा सेंटर म्हटले की स्विच आलेच. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक आणि ऑप्टिकल स्विचिंगची बाजारपेठ हा या परिषदेचा विषय साजगावात कशाला, असे कोणी विचारू नये.

विद्यार्थ्यांसाठी मूळ मुद्दा सोपा करून सांगतो. कर्जतला सांधा बदलला की गाडी एक तर घाट चढते, नाही तर खोपोलीला वळते. कोणता प्रवासी कुठे निघाला आहे, हे सांधा विचारत नाही. ऑप्टिकल स्विच तसाच. त्यातले बारीक आरसे कलतात आणि प्रकाशाचा अख्खा झोत दुसऱ्या फायबरमध्ये जातो. इलेक्ट्रॉनिक स्विच मात्र प्रत्येक प्रवाशाला उतरवून, तिकीट पाहून, त्याच्या गाडीत बसवतो. त्यासाठी प्रकाशाची वीज करावी लागते, पॅकेटवरचा पत्ता वाचावा लागतो, गर्दी असेल तर ते क्षणभर थोपवून ठेवावे लागते आणि पुन्हा प्रकाश करून पाठवावे लागते. प्रकाशाला असे थोपवून धरणे अजून व्यवहारात जमलेले नाही. म्हणून यातला एक राहील आणि दुसरा जाईल, अशी ही लढत नाही.

इलेक्ट्रॉनिक स्विचची घोडदौड पाहा. ब्रॉडकॉमची टोमाहॉक चिप २०१४ साली सेकंदाला ३.२ टेराबिट हाताळत होती. २०२५ मध्ये तिची सहावी पिढी १०२.४ टेराबिटवर आली. अकरा वर्षांत बत्तीस पट! पण वेग वाढला तशी वीज आणि उष्णताही वाढली. म्हणून गूगलने आपल्या डेटा सेंटरमध्ये आरशांचे ऑप्टिकल स्विच बसवले. त्यांच्या टीपीयू व्ही४ या महासंगणकात ४,०९६ चिप जोडायला असे ४८ स्विच पुरले. एनव्हिडियाने मार्च २०२५ मध्ये प्रकाशाचे सुटे भाग थेट स्विचच्या चिपशेजारी बसवलेली यंत्रे जाहीर केली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामात हजारो चिप एकमेकींशी ठरावीक वाटांनी बोलत राहतात. वाट वारंवार बदलत नाही, तिथे प्रकाशाचा सांधा परवडतो. क्षणाक्षणाला पत्ता बदलतो, तिथे इलेक्ट्रॉनिक्सच हवे.

बाजार वाढणार, यात मला शंका नाही. मात्र तेजीच्या भाकितांवर कर्ज काढू नका, हेही यजमान म्हणून सांगायला हवे. २००० साली नॉर्टेलने एक्सरॉस ही ऑप्टिकल स्विच बनवू पाहणारी नवखी कंपनी ३.२५ अब्ज डॉलरना घेण्याचे ठरवले. सगळे जाळे आता प्रकाशाचेच होणार, अशी तेव्हा हवा होती. पण फायबर गरजेपेक्षा कितीतरी जास्त पुरली गेली होती. मागणी आटली, बाजार कोसळला आणि २००९ मध्ये नॉर्टेलने दिवाळखोरीचा अर्ज केला. तंत्र खोटे नव्हते. गिऱ्हाईक उभे राहण्याआधीच दुकान फार मोठे मांडले गेले.

आपले गिऱ्हाईक मात्र दाराशी आहे. स्विचची चिप आपण उद्या बनवणार नाही. पण ती ज्या रॅकमध्ये बसते त्याचा पत्रा कापणे, वाकवणे, पावडर कोटिंग करणे हे इथल्या कारखान्यांच्या हातचे काम आहे. केबल ट्रे, वीजवाटपाचे पॅनेल, थंडाव्याची पाइपिंग, पॅच कॉर्ड, फायबरचे स्प्लाइसिंग, ओटीडीआर यंत्रावर फायबरची तपासणी ही कामेही आहेत. स्विच कोणाचाही असो, यांतले काही ना काही लागणारच. फायबर ओढण्याचे कामही महाराष्ट्रात होते. एसटीएलचे कारखाने छत्रपती संभाजीनगरला आहेत.

दुसरे गिऱ्हाईक गावातले. केंद्राने २०२३ मध्ये भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमाला सुमारे १.३९ लाख कोटी रुपये मंजूर केले. त्यात ग्रामपंचायती वर्तुळाकार जाळ्याने जोडायच्या आहेत. आमच्याकडे रस्त्याचे काम निघाले की जेसीबीचा दात आधी केबलला लागतो. एकच सरळ ओळ असेल तर पुढची गावे गप्प होतात. वर्तुळ असेल तर स्विच वाहतूक उलट्या बाजूने फिरवतो. डोंगरकुशीतल्या शाळेला आणि आरोग्य केंद्राला बाजारपेठेचा अर्थ एवढाच आहे.

म्हणून तज्ज्ञांना माझी विनंती आहे की जगाचा आलेख जरूर दाखवा, पण त्यासोबत आमच्या कामाचे मापही द्या. कोणता भाग, किती अचूक, कोणत्या मानकाचा आणि कोणत्या भावाला हवा, ते सांगा. खरेदी अधिकाऱ्यांनी लघुउद्योजकांशेजारी बसून जेवावे. विद्यार्थ्यांनी स्प्लाइसिंगच्या टेबलावर स्वतः फायबर जोडून पाहावी.

व्यवस्थेत काही उणे राहिले तर स्वयंसेवकांना हक्काने सांगा. पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत करतो आणि उद्घाटकांना परिषदेला प्रारंभ करण्याची विनंती करतो.