चारशे माणसांचे रंग

वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट’मध्ये एक चित्र आहे: दहा इंच उंच, आठ इंच रुंद अशा चारशेच्या वर लाकडी फळ्या, एकीला लागून एक. प्रत्येक फळीवर एकच सपाट रंग. लांबून पाहाल तर रंगाच्या दुकानातलं शेडकार्डच वाटेल. ‘यात चित्र कुठाय?’ असं मनात आलं, तर येऊ द्या.

चित्रकार बायरन किम. आईवडील कोरियन, जन्म 1961 चा, कॅलिफोर्नियातला. येल विद्यापीठात शिकला इंग्रजी साहित्य, वळला चित्रांकडे. 1991 मध्ये त्याने हे काम हाती घेतलं. मित्र, घरचे, अनोळखी माणसं, एकेकाला समोर बसवायचं आणि त्याच्या कातडीकडे पाहत तेलरंगात मेण घालून तोच रंग कालवायचा. नाक नाही, डोळे नाहीत, तरी ही व्यक्तिचित्रंच.

आता जरा जवळ या. तपकिरीत गुलाबी झाक, पिवळ्यात हिरवट छटा, विटकरी, मातकट. निव्वळ काळी किंवा निव्वळ पांढरी फळी मात्र सापडणार नाही. (आपल्या लग्नाच्या जाहिरातींचं गोरी, गव्हाळ, सावळी एवढ्यावर भागतं!) फिक्यापासून गडदापर्यंत उतरंड लावणं सोपं होतं. किमने फळ्या लावल्या त्या माणसांच्या नावांच्या वर्णानुक्रमाने. त्यामुळे कुणीही कुणाच्या वर नाही, खाली नाही. चित्राचा खरा कस मला या मांडणीत दिसतो. 1993 च्या व्हिटनी द्वैवार्षिक प्रदर्शनात ते गाजलं, ते उगाच नाही.

कोरियाच्या गोर्यो काळातल्या मातीच्या भांड्यांवरची हिरवट-राखाडी झिलई पुढे किमने मोठ्या कॅनव्हासवर उतरवली. तिथेही रंग एकच, आणि त्यात आईवडिलांचा देश.

2001 पासून तो दर रविवारी आभाळ रंगवतो. चौदा इंची चौरस कॅनव्हास, वर त्या दिवसाच्या चार ओळी: घरचं, कामाचं, काळजीचं. एकटं आभाळ साधंच दिसतं; ओळीने टांगलेली पाहिली की वर्षं सरताना दिसतात.

येत्या रविवारी तुम्हीही खिडकीतून आभाळाकडे पाहा आणि त्याचा रंग कागदावर लिहून काढा. अट एकच, ‘निळा’ हा शब्द वापरायचा नाही.