पांदण मोकळी करण्याचे दिवस

चांदूर बाजारच्या शिवारात कापसाची गाडी पांदणीत अडली, की मग आपल्याला दिसतं, दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी वाट गिळली आहे!

नाताळाआधी चार रविवार येतात. त्या दिवसांना कॅथलिक मंडळी आगमनकाळ म्हणतात. अमरावतीचा त्यांचा धर्मप्रांत १९५५ सालचा. या दिवसांत धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो, आणि एरवी रविवारच्या मिस्सेत म्हटले जाणारे गौरवगीत थांबते. हिरव्या डहाळ्यांच्या कड्यात दर रविवारी एक मेणबत्ती अधिक लागते, एवढाच काय तो थाट. सण अजून यायचा आहे ना!

वाचनात योहान बाप्तिस्ता येतो. वाकडी वाट सरळ करा, खळगे भरा, हे यशया संदेष्ट्याचे जुने बोल तो लोकांना ऐकवतो. मला तर ही सरळ पांदणीचीच गोष्ट वाटते. आपले गाडगेबाबाही गावात शिरले की आधी खराटा चालवीत, कीर्तन मागाहून.

धर्मगुरूंपाशी पापांची कबुली हाही या तयारीचाच भाग. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचे सांगणे याहून अवघड आहे : अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी भावाशी समेट कर.

मी ख्रिस्ती नाही. तरी इथे अडखळलो. हातभर धुऱ्यापायी चुलतभावाशी माझे सहा वर्षे बोलणे नाही. मोजणीला गेलेला पैसा त्या मातीच्या मोलाहून जास्त. येत्या रविवारी त्याच्याकडे जाणार आहे. चहा विचारतो की नाही, कोण जाणे!