समुद्राच्या पोटातली घुसळण

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. तरी जूनमध्ये पाथर्डी-कर्जतकडे ज्या ढगांची वाट पाहतात, त्यांत अरबी समुद्राची वाफ असते. त्याचे पृष्ठपाणी किती तापेल, हे आतल्या घुसळणीवरही ठरते. वरचे ऊन पाणी खाली जाते, खालचे गार वर येते.

ही घुसळण मोजणे मोठे जिकिरीचे. भोवरे काही सेंटिमीटरांचे, घटकाभराचे. नाजूक उपकरणे मोजक्याच जहाजांवर. मग अंदाज बांधावा लागतो. १९६६ साली समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी प्रशांत महासागरातल्या थोड्याशा नोंदींवरून मिश्रणाचा दर काढला : सेकंदाला सुमारे १ चौरस सेंटिमीटर. धाडसच म्हणायचे! पुढे मोकळ्या समुद्रात प्रत्यक्ष मोजले, तर तो बहुतेक ठिकाणी जेमतेम दहावा हिस्सा भरला.

१९७७ मध्ये समुद्रशास्त्रज्ञ स्टीव्ह थॉर्प यांनी सोपी खूण दिली. जड पाणी हलक्याच्या वर सापडले, की तिथे उलथापालथ चालू आहे. तिच्या उंचीवरून घुसळणीचा जोर काढायचा.

आज आर्गो या जागतिक प्रकल्पाचे स्वयंचलित तरंगक साधारण दर दहा दिवसांनी २,००० मीटरांवरून वर येत नोंदी पाठवतात; त्यांवरूनही घुसळणीचा अंदाज बांधतात. मंक यांचा आकडा आणि प्रत्यक्ष मोजमाप यांतली तूट काही अंशी खडबडीत तळाजवळ सापडली. तिथे भरती-ओहोटीमुळे पाण्याच्या आत उठणाऱ्या लाटा फुटून मिश्रण कितीतरी पट वाढते.