फुलदाणीच्या बुडाशी

आपल्या बालाघाट जिल्ह्यातील भरवेलीच्या खाणीतून निघणारे मँगनीज पोलादाच्या कामी येते, हे येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु याच मँगनीजचे भस्म भांड्यावरील काचेरी लेपात मिसळले, तर भट्टीतून ते तपकिरी अथवा जांभळे होऊन निघते, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. सिंधचे कुंभार याच रंगाचा उपयोग फुलावेलींसाठी करीत.

मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ साली स्थापन झाली. पुढे तेथील जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी सिंधच्या या परंपरेचा आधार घेऊन कुंभारकाम सुरू केले. ती पुष्पांकित भांडी विलायतेस गेली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांचे नमुने आहेत. मात्र ज्या कारागिरांनी ती घडविली, त्यांची नावे बहुधा अज्ञातच राहिली.

याच्या उलट प्रकार अमेरिकेत घडला. मारिया लाँगवर्थ निकल्स या बाईंनी १८८० साली सिनसिनाटी येथे रुकवुड हा कारखाना काढला. १८८६ पासून भांड्याच्या बुडाशी कारखान्याची मुद्रा उमटू लागली. पुढे दरवर्षी तीत एक ज्योत वाढे. १९०० साली त्या १४ झाल्या. शेजारी चित्रकाराची खूण असे. जपानहून आलेले काटारो शिरायामादानी आपल्या लिपीत सही करीत. त्यामुळे फुलदाणी उलटी करताच तिचे वर्ष आणि कर्ता दोन्ही कळतात. संग्राहक फुलांवर भाळतो खरा, पण दाम मोजतो तो बूड पाहून!

आपल्याकडे दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या घरगुती वस्तू जमविण्यास आरंभ केला आणि १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्याचे राजा केळकर संग्रहालय ते हेच. प्रत्येकाला एवढे साधणार नाही. परंतु घरात आजीच्या वेळची फुलांची बरणी किंवा गावच्या कुंभाराने रंगविलेला घट असेल, तर तो मोडीत काढण्यापूर्वी बूड अवश्य पाहावे. शिक्का नसेल, तर तो कोणी घडविला, कोठून व केव्हा आणला, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून कागदावर लिहावे आणि तो कागद भांड्यातच ठेवावा. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.