काळी चार ते पांढरी चार

आमच्या घरातला पन्नासेक वर्षांचा टर्नटेबल यंदाच्या पावसाळ्यात गेला. आधी आठवडाभर नुसताच घुमत होता. मग एका संध्याकाळी करपलेल्या वॉर्निशचा वास आला आणि थाळी थांबली. मीटर लावून पाहिलं, तर मोटरच्या दोन कॉइलपैकी एक तुटलेली. पंपाच्या मोटरी भरून देणाऱ्या कारागिराकडे नेली. त्यानं चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, ही तार आहे की केस? दुसरी बघा."

दुसरी मिळाली ती पुण्यातल्या तपकीर गल्लीत. कुठल्याशा अमेरिकन यंत्रातून काढलेली, पण त्याच जातीची. ती ११० व्होल्टची, म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर घातला. पहिल्या जोडणीत थाळी चक्क उलटी फिरली! एका कॉइलची दोन टोकं अदलाबदल केल्यावर सरळ झाली. मोठ्या ऐटीत एका गायिकेची एलपी लावली. बाईंचा षड्ज काळी चारचा; तो थेट पांढरी चारवर. पेटीच्या तीन पट्ट्या खाली.

दोष मोटरचा नव्हता. ही सिंक्रोनस मोटर विजेच्या हर्ट्झशी बांधलेली असते. सोळा ध्रुवांची मोटर आपल्या ५० हर्ट्झवर मिनिटाला ३७५ फेरे घेते, अमेरिकेतल्या ६० हर्ट्झवर ४५०. म्हणून तिकडच्या मोटरवरची, बेल्ट ओढणारी पुली बारीक. ती इथे चालवली की थाळीचे ३३⅓ ऐवजी जेमतेम २८ फेरे होतात.

वेगावरून आठवलं: १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात जी तबकडी गेली, तिच्यावर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. सोबत सुई दिली, एका फेऱ्याला ३.६ सेकंद हा वेगही आवरणावर खुणांनी कोरून दिला. मोटर मात्र दिली नाही. ती परग्रहवासीयांनी आपापली शोधायची. त्यांच्याकडे किती हर्ट्झ, देव जाणे.

तर, जळक्या मोटरची पुली काढणं आलं. तिचा नखाएवढा स्क्रू गंजून बसलेला. सोल्डरिंगचं तापलेलं आयर्न टेकवलं, एक थेंब तेल सोडलं, चहा घेतला, मग कुठे तो हलला. नव्या शाफ्टवर ती बसवताना जुनी उंची मोजून धरावी लागते. जरा खाली-वर झाली की बेल्ट उतरलाच.

वेग तपासायला १८० रेघांची कागदी चकती असते. सेकंदाला शंभरदा लुकलुकणाऱ्या उजेडात ती फिरताना रेघा जागीच उभ्या दिसल्या, की वेग बरोबर. पण आमच्या घरात सगळे एलईडी. त्यांच्याखाली नुसता करडा पट्टा दिसतो. जुनी चोकवाली ट्यूब उरलीय ती फक्त जिन्यात. वायर ओढून टर्नटेबल तिथेच मांडला. रेघा थबकल्या. सुई टेकवली, तंबोरा लागला, आणि बाई काळी चारवर परतल्या.

वरच्या मजल्यावरच्या काकू पिशवी घेऊन उतरत होत्या. "अहो, हे इथे कुठे मांडलंत?"

म्हटलं, "काकू, ट्यूब चांगली आहे."