चित्रपट पाहावा, पण एकट्याने नव्हे



गेटसभांत आयुष्य गेलेल्या माणसाने या व्यासपीठावर चित्रपटांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे झाले ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीतल्या कपाटापुढे बसून. तेव्हा आम्ही येथे समीक्षा करणार नाही. पुष्कळ माणसे एकच चित्रपट एकाच वेळी पाहून त्यावर बोलू लागली म्हणजे काय होते, आणि त्यासाठी कोणता चित्रपट निवडावा, एवढेच सांगू.

हे सुरू झाले ते नाइलाजाने. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी आली. कारखाने बंद, सभा बंद, निम्मे सभासद गावी. वर्गणीचे एक वेळ राहू द्या, पण माणूस तुटू नये म्हणून आम्ही ठरवले की, रविवारी रात्री नऊ वाजता प्रत्येकाने आपापल्या घरी एकच चित्रपट लावायचा आणि पाहता पाहता मनात येईल ते मोबाइलवरच्या ग्रुपवर लिहायचे. ज्याला लिहिण्याचा कंटाळा, त्याने बोलून पाठवायचे. टाळेबंदी उठली, पण ही सवय राहिली.

पहिलीच निवड आमची चुकली. चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा 'कोर्ट' आम्ही लावला. शाहिराच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा त्यात खटला आहे. विषय आमचाच, माणसे पेटून उठतील असे वाटले. पण तारखांमागून तारखा पडत गेल्या आणि दहा वाजेपर्यंत निम्मा ग्रुप झोपला! चित्रपट थोर आहे. आम्ही आजही त्याची शिफारस करू, पण तो सातवा-आठवा असावा.

दुसऱ्या रविवारी चार्ली चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' लावला. तो १९३६ चा. बोलपट रुळले असतानाही चार्लीने त्यात जवळजवळ मूकपणाच राखला, त्यामुळे बिहारचा कंत्राटी कामगार आणि आमचा सांगलीकडचा फिटर एकाच क्षणी हसतात. पट्ट्यावर नट आवळून आवळून चार्लीचे हात काम थांबल्यावरही चालतच राहतात, ते पाहून एका बाईंनी लिहिले, 'आमच्या ह्यांचे झोपेत असेच होते.' जेवणाची सुट्टी वाचावी म्हणून कामगाराला भरवणारे यंत्र आले, तेव्हा 'हे साहेबांना दाखवू नका' असा निरोप आला. लॉरीवरून पडलेले निशाण परत द्यायला चार्ली धावतो, मागून मोर्चा येतो आणि पोलीस त्यालाच पुढारी समजून धरतात. यावर जे हसू उसळले त्यात आमच्या पुढारीपणाचीही थट्टा होती. ती आम्ही मुकाट्याने सोसली.

मग आला डी सिका यांचा 'बायसिकल थीव्हज', १९४८ चा. इटालियन चित्रपट, खालची अक्षरे इंग्रजी. म्हणून शेवट सोडून बाकी कथा आम्ही आधी सांगून टाकली. युद्धानंतरचे रोम. भिंतींवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते, पण त्याला सायकल हवी. बायको घरातल्या चादरी गहाण टाकते, सायकल सुटते आणि पहिल्याच दिवशी चोरीला जाते. बाप आणि लहानगा ब्रुनो शहरभर ती शोधतात. अखेर बाप स्वतःच कोणाची तरी सायकल उचलतो आणि पोरादेखत पकडला जातो. बापाचे काम करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी हा नट नव्हता, कारखान्यातला कामगार होता.

ग्रुपवर वाद पेटला. 'चोरी ती चोरीच' असे एक म्हणे, दुसरा त्यावर उसळे. सव्वाअकराला एक बोललेला निरोप आला. चार वर्षांपूर्वी आमचा एक सभासद डब्यात पितळेचे तुकडे नेताना गेटवर सापडला होता. त्याला काढून टाकले. युनियनचे नाव खराब होईल म्हणून आमच्या कमिटीने त्याचे प्रकरण घेतले नाही. त्या ठरावाला आमचाही हात वर होता. त्याचे नाव ग्रुपमधून काढायचे मात्र राहून गेले होते. तो एवढेच बोलला, 'पकडलं त्याचं एवढं नाही. पोरगं तिथं उभं होतं.'

बराच वेळ कोणी काही लिहिले नाही. मग एका जुन्या कामगाराने विचारले, 'आपण तेव्हा त्याचं ऐकून तरी घेतलं होतं का?'

घेतले नव्हते. चोरीचे समर्थन करा असे कोणी म्हणत नव्हते. पण चौकशीत माणसाच्या बाजूला बसायला युनियन नसेल तर ती कशाला? पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच्या घरी गेलो. बडतर्फ कामगाराने थेट कामगार न्यायालयात जाण्याची, तेव्हाच्या कायद्यातली तीन वर्षांची मुदत उलटून गेली होती. चहा झाला. त्याने आम्हांला दोष दिला नाही, आणि ते अधिक जड गेले. त्यानंतर कमिटीने नियम केला की, आरोप काहीही असो, सभासदाचे म्हणणे ऐकल्यावाचून ठराव करायचा नाही.

निवडीबाबत आणखी एक सांगतो. चित्रपट संपल्यावर 'आवडला का?' असे विचारू नये. 'हो' म्हणून माणसे झोपायला जातात. 'राग कोणाचा आला?' असे विचारावे.

आता चित्रपट सुचवण्याचे काम तोच गृहस्थ पाहतो. या खेपेला त्याने जब्बार पटेल यांचा 'सामना' निवडला आहे. साखरसम्राट निळू फुले आणि एका माणसाचे काय झाले हे विचारीत राहणारे मास्तर श्रीराम लागू. येत्या रविवारी, रात्री नऊ वाजता. ज्यांना यायचे असेल त्यांनी बाहेर टेबलावर वही ठेवली आहे, तीत आपला मोबाइल क्रमांक लिहून जावे.